बोरदरा तांड्यातले लीक

१८ मे, रविवार

चौतीस वर्षे कार्यालयाची दैनंदिनी लिहिली. कृषी पर्यवेक्षकाला ती लिहावीच लागते. महिना संपला की साहेबांची सही घ्यायची आणि फायलीला लावायची. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तेव्हापासून एक ओळ लिहिली नाही. ही वही माझी आहे. हिच्यावर कोणाची सही होणार नाही.

आज लीकचे बी पेरले. मुलाने, मंदारने पुण्याहून पाठवले, लवकर निघणारा वाण आहे. लीक म्हणजे कांद्याचाच भाऊबंद, पण खाली कांदा धरत नाही. अंगठ्यापेक्षा जाड पांढरा दांडा आणि वर लसणासारखी चपटी पाने. मंदारचा एक मित्र नागपूरच्या एका हॉटेलात मुख्य आचारी आहे. दिवाळीच्या सुमारास ताजा, जाड दांड्याचा आणि अजिबात न फवारलेला लीक मिळाला तर सगळा घेईन म्हणाला. न फवारलेला, हे त्याने दोनदा सांगितले.

पांढरकवड्यात आज चव्वेचाळीस अंश. या बियाला इतक्या उन्हात उगवण नाही, म्हणून ट्रे बैठकीत कूलरसमोर ठेवले. रत्नप्रभा म्हणाली, "म्हणजे यंदा कूलर रोपांना आणि आपल्याला पंखा." थोड्या वेळाने तिने विचारले, "अहो, कोणासाठी करताय हे?"

मी म्हणालो, प्रयोग आहे. ती आत गेली.

२ जून, सोमवार

शंभरात बासष्ट उगवले. एकेक रोप म्हणजे हिरवा दोराच.

आज बोरदरा तांड्यावर धावजीकडे गेलो. हायवे सोडून आत, घरापासून चौदा किलोमीटर. धावजी नोकरीतल्या ओळखीचा शेतकरी, माझ्याच वयाचा. घरात त्याची बायको रुपीबाई आणि मुलगा बादल, तो आईला याडी म्हणतो. बादल एकोणतीस वर्षांचा आहे. एकविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या कपाशीत फवारताना विष अंगात गेले. जीव वाचला, डोळे गेले. तेव्हापासून ओट्यावर बसून असतो. माझी स्कूटर वाजली की उठून उभा राहतो आणि आवाजाच्या दिशेने हात जोडतो.

मी त्यांना समजावून सांगितले. लीक लावायला डोळे लागत नाहीत. काठीने वीतभर खोल भोक पाडायचे, त्यात एक रोप सोडायचे. माती लोटायचीही गरज नाही, पाणी सोडले की भोक आपोआप भरते. अंतरासाठी सुतळीला वीत-वीतभरावर गाठी मारायच्या. बोटाला गाठ लागली की तिथे भोक. पुढे दांडा पांढरा राहावा म्हणून बुडाशी हाताने माती ओढत जायची. सगळे काम हाताचे, आणि औषधाला हात लावायचा नाही.

धावजी ऐकत होता. "जागा कोनती पाह्यजे साहेब?"

"विहिरीजवळची. पाच गुंठे पुरे."

"तिथं हिचा भाजीपाला असते."

"एका हंगामाचा प्रश्न आहे, धावजीभाऊ."

त्याने रुपीबाईकडे पाहिले. ती चुलीकडे तोंड करून बसली होती, तिने मान वळवली नाही. धावजी म्हणाला, "तुमी म्हनता तं घ्या साहेब."

लगेच होकार दिला. हा माणूस पहिल्यापासून प्रगतिशील.

४ जुलै, शुक्रवार

कांदेनवमी. रत्नप्रभाने कांद्याची भजी आणि भरीत केले. परवा एकादशी, मग चार महिने घरात कांदा-लसूण नाही. "तुमचं ते लीक आलं तरी मी कार्तिकीआधी तोंडात घालणार नाही," म्हणाली. मी म्हणालो, शास्त्राप्रमाणे तो कांदा नव्हे. ती म्हणाली, "वास तर कांद्याचाच येतोय बैठकीत."

एक गोष्ट लिहायची आहे. ती रत्नप्रभालाही सांगितलेली नाही.

आठ वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बोरदरा तांड्यावर फवारणीत घ्यायच्या काळजीची सभा घ्या, असा मला आदेश होता. हातमोजे, मास्क, चष्मे यांचे खोके कार्यालयात येऊन पडले होते. ठरलेल्या दिवशी आमच्या मुलीला, आभाला पाहायला अमरावतीहून मंडळी आली, म्हणून मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही, मग राहिलेच. महिनाअखेरीस दैनंदिनीत लिहिले, "बोरदरा तांडा येथे सभा घेतली. उपस्थिती ३८. साहित्य वाटप केले." माती परीक्षणाच्या सभेत सह्या घेतलेला एक कागद वर मजकूर न लिहिता राहिला होता, तो जोडला. त्यात धावजीची सही आहे. बादलचीही आहे.

सप्टेंबरमध्ये बादल दवाखान्यात गेला. त्या दिवशी त्याने तोंडाला साधा रुमालही बांधला नव्हता. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने माझी दैनंदिनी वाचली आणि म्हणाला, तुमच्या बाजूने सगळे व्यवस्थित आहे.

आभाचे ते स्थळ जमलेही नाही.

२० जुलै, रविवार

लागवड झाली. एकवीसशे रोपे.

आधी वाटले होते, बादल तासाभरात कंटाळेल. पहिले रोप हातात घेतले तेव्हा त्याने ते दोन बोटांत फिरवून पाहिले. "हे तं केसच आहे साहेब. हे जगते?" मी म्हणालो, जगते. मग त्याने सुतळी ताणून घेतली, गाठ शोधली, काठी रोवली, गोल फिरवून वर काढली, रोप सोडले आणि पुढच्या गाठीवर गेला. दहा-बारा रोपांनंतर त्याचा हात बसला. माझी एक रांग होईपर्यंत त्याच्या दोन होत होत्या. दुपारी त्याने विचारले, "रांग सीधी आहे काय साहेब?"

"माझ्यापेक्षा सरळ आहे."

तो हसला. आठ वर्षांत मी त्याला हसताना पाहिले नव्हते.

रुपीबाई बांधावर पदर तोंडाला लावून उभी होती. ती धावजीला त्यांच्या गोर बोलीत काही म्हणाली. मी विचारले, काय झाले. "काई नाई साहेब," धावजी म्हणाला. "तो गुनगुनून राह्यला म्हन्ते. लय दिवसानं."

संध्याकाळी घरापासून वाफ्यापर्यंत खुंट्या ठोकून कंबरेएवढ्या उंचीवर दोरी बांधून दिली. आता त्याला कोणाचा हात धरावा लागणार नाही.

घरी परत येताना पुलाजवळ स्कूटर थांबवून थोडा वेळ उभा राहिलो.

१० ऑगस्ट, रविवार

रोपे लागली. फक्त साठेक मेली. बादल पहाटेच दोरी धरून जातो, दिवसभर वाफ्यात असतो. गवताचे पान आणि लीकचे पान त्याला बोटाने वेगळे कळते. गवत अंगठ्याने मुळासकट काढतो.

रुपीबाईची मुलगी पुष्पा मारेगावला बाळंत झाली, पहिले बाळ. सव्वा महिना राहायचे म्हणून रुपीबाई गेली होती, ती तिसऱ्याच दिवशी परत आली. मी म्हणालो, इतक्या लवकर? तर म्हणाली, "साहेबाची रोपं हायत ना. पानी कोन देईन? बाद्याले मोटारीचं नाई जमत, अन हे कपाशीत." तिची निष्ठा पाहून भरून आले.

घरी हे सांगितले. रत्नप्रभा भाजी निवडत होती. "शनिवारच्या बाजारात रुपीबाई दिसत नाही हल्ली," ती म्हणाली. "तिची वांगी चांगली असायची."

"यंदा ती लीकमध्ये आहे."

"तिला विचारलं होतं का तुम्ही?"

"धावजीला विचारले होते."

रत्नप्रभाने निवडलेली भाजी धुवायला घेतली. तिला शेतीतले फारसे कळत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

काल पोळा होता. धावजीने आग्रहाने जेवायला बोलावले होते. खुर्ची एकच, ती मला दिली. तिघे खाली बसले.

जेवण झाल्यावर बादल मला वाफ्यात घेऊन गेला. म्हणजे तो पुढे दोरीने, मी मागे. "साहेब, चवथ्या वाफ्यात बुडाशी नरम लागून राह्यलं."

मी वाकून पाहिले. पाने हिरवी, दांडे सरळ. "दिसत तर काही नाही. पाऊस आहे, ओली माती हाताला तशी लागते."

"वासही येते."

"शेणखताचा असेल."

त्याने दांडा पुन्हा एकदा चाचपला. "असंन," म्हणाला.

७ सप्टेंबर, रविवार

सहा दिवस झड होती, आज उघडली. चौथा आणि पाचवा वाफा बसला आहे. पाने पिवळी पडली, दांडा ओढला की वर हातात येतो आणि मुळे खालीच राहतात. बुडखा तपकिरी, घाण वास. काळ्या जमिनीत पाणी साचले. मी वाफे अर्धा फूट उंच करायला सांगितले होते, ते एक फूट हवे होते. पुस्तकात अर्धाच होता. ते पुस्तक इथल्या जमिनीसाठी लिहिलेले नव्हते.

लागलेली रोपे उपटून बाहेर टाकणे एवढाच उपाय. मी एकेक रोप वाकून न्याहाळत होतो. बादल नुसता हात लावून सांगत होता, हे गेलं, हे राह्यलं, हे गेलं. एकदाही चुकला नाही. सातशे गेली. त्याने त्यांचा ढीग रचला आणि हात पुसत बसून राहिला. "चौदा दिवसाआधी धरलं असतं तं एकच वाफा जाता," म्हणाला. कोणाला उद्देशून म्हणाला नाही.

त्याचे बरोबर होते, असे मी त्याला सांगायला हवे होते. स्कूटर सुरू केल्यावर आठवले.

२१ सप्टेंबर, रविवार

उरलेली रोपे तग धरून आहेत. धावजीने वाफ्यांमधले चर खोल केले. त्यासाठी त्याचे दोन दिवस गेले आणि कपाशीचे निंदण राहिले. मी म्हणालो, कपाशीकडेही बघा. "पाहू साहेब. हे पह्यले," तो म्हणाला.

बादल बुडाशी माती ओढतो आहे. दांडा करंगळीएवढा झाला. अंगठ्याच्या वर जायला हवा.

५ ऑक्टोबर, रविवार

फुलकिडे आले. पाऊस थांबला, ऊन तापले, छत्तीस अंश झाले आणि आठ दिवसांत पानांवर चंदेरी चट्टे. पुन्हा बादललाच आधी कळले. पान खरबरीत लागते म्हणाला. या वेळी मी लगेच भिंग काढून पाहिले. पानाच्या बेचक्यात भरलेले आहेत, सुईच्या टोकाएवढे.

निंबोळी अर्क फवारला, मी स्वतः. बादलला आधी सांगितले, हा फक्त कडुलिंबाचा रस आहे, हुंगून बघ. त्याने हुंगले, तरीही पंपाचा दांडा हलल्याचा आवाज आला तसा तो उठून घरात गेला.

१२ ऑक्टोबर, रविवार

तिसऱ्यांदा अर्क मारला, उपयोग नाही. पानांची टोके वाळत आहेत आणि दांडा जाड व्हायचा थांबला. मंदारचा मित्र फोटो मागतो. मी जुनाच फोटो पाठवला. तेवढे चालते.

बांधावर बसलो होतो. धावजीने चहा आणला. माझ्या तोंडून निघून गेले, "एक फवारा मारला असता तर चार दिवसांत साफ झाले असते."

"कोनता साहेब?"

मी सवयीने नाव सांगितले, पंपाला किती टाकायचे तेही सांगितले.

"कपाशीचं उरलं आहे तेच," धावजी म्हणाला.

"नाही, नाही. आपल्याला फवारायचे नाही. बोलायची गोष्ट बोललो."

"नाई साहेब. इचारलं फकत."

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत होता. "तुमी लय वाळले साहेब या दोन महिन्यांत," म्हणाला. मी म्हणालो, वय झाले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सातला धावजीचा फोन आला. "साहेब, बादल पडला." एवढेच बोलला. मी रिक्षा घेऊन गेलो, त्यांना घेऊन आलो, दवाखान्यात ठेवले. आता पाच वाजले आहेत. घडले ते क्रमाने लिहितो.

धावजी सकाळी उजाडता पंप घेऊन वाफ्यात गेला. कपाशीचे उरलेले औषध होते. धोतराचा सोगा तोंडाला बांधला होता, बाकी काही नाही. रुपीबाई पाण्याला गेली होती. बादल ओट्यावर तोंड धूत होता, वारा घराकडे होता. त्याला वास आला. त्याने बापाला हाक मारली, पंपाच्या आवाजात धावजीला ऐकू गेली नाही. मग तो निघाला. दोरी धरून नाही, सरळ, वासाच्या दिशेने धावत. "बा, सोड ते, बा, सोड ते," असे ओरडत होता, हे रुपीबाईला तांड्याच्या विहिरीवरून ऐकू आले. पाइपाला पाय अडकून तो दगडावर पडला, कपाळ फुटले. धावजी पंप पाठीवर घेऊनच धावला. त्याच्या अंगावर, हातावर सगळे औषध. त्या हातांनी त्याने बादलला उचलले. बादलच्या छातीत तो वास भरला आणि त्याचे अंग आखडले, ओकाऱ्या सुरू झाल्या.

मी पोचलो तेव्हा रुपीबाई दोघांवरही बादलीने पाणी ओतत होती.

रिक्षात धावजी मला म्हणाला, "तुमाले सांगनारच होतो साहेब, साफ झाल्यावर. तुमाले बरं वाटलं असतं."

१८ ऑक्टोबर, शनिवार

कपाळाला सात टाके. डॉक्टर म्हणतात अंगात विष फारसे गेलेले नाही, धावजीच्याही नाही. "हे भीतीचं आहे. अशी भीती उतरायला वेळ लागतो." बादल भिंतीकडे तोंड करून झोपून असतो. मी गेलो तेव्हा पायांच्या आवाजावरून ओळखले असावे. त्याने हात जोडले नाहीत. "बाले काई झालं नाई ना?" एवढेच विचारले.

रत्नप्रभा दोन्ही वेळचा डबा पोचवते आहे. आज तिने रुपीबाईला जवळ घेतले. परत येताना वाटेत मला म्हणाली, "त्या बाईला नातवंडाचं बारसंही धड करता आलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं?" मला ठाऊक नव्हते. बारसे कधी झाले हेही ठाऊक नव्हते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. आमच्याकडे पणत्या लागल्या, तांड्यावर धावजीच्या घरी लागल्या नाहीत असे ऐकले.

आज गेलो. बादल घरी आला आहे, आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. धावजी मला वाफ्यात घेऊन गेला. लीक कधी नव्हते इतके चांगले दिसत आहेत. चट्टे नाहीत, नवी पाने सरळ आणि गर्द, दांडा अंगठ्याएवढा. फवाऱ्याने काम केले.

"आता पाठवता येते साहेब," धावजी म्हणाला.

"नाही येत. न फवारलेला पाहिजे त्यांना. तसे लिहून द्यावे लागते."

"मंग लिहून टाका ना. फवारलं नाई म्हून." त्याने एका रोपाची माती नीट केली. "तुमाले येते ना साहेब तसं लेहाले."

मी त्याच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. पाणी कुठून सोडायचे हे सांगावे तसे त्याने ते सांगितले. जुन्या कागदावर त्याची सही आहे. सभा झाली नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. तांड्यात राहतो तो. अडतीसही माणसांना माहीत असणार. चौकशीचा अधिकारी तांड्यावर आला होता तेव्हा यांतले कोणीच काही बोलले नव्हते. आठ वर्षे मी इथे येतो आणि हा मला खुर्ची देतो.

मी विचारले, "धावजीभाऊ, तेव्हा का नाही सांगितले कोणाला?"

तो म्हणाला, "तुमची नोकरी गेली असती साहेब. पोराचे डोये कोठी वापस येनार होते?"

२६ ऑक्टोबर, रविवार

मंदारचा फोन आला. मी सगळे सांगितले, जुने नाही, आत्ताचे. तो म्हणाला, "बाबा, दहा दिवस झाले ना? आणखी आठवडा थांबा, धुवा आणि पाठवा. कोण तपासणार आहे?"

"मी फवारले आहे, असे त्याला कळव."

"तुम्ही नाही, त्यांनी फवारलं."

"नाव मी सांगितले होते. प्रमाणही मीच सांगितले."

तो म्हणाला, "तुमचा त्रास मला कळत नाही, बाबा." शेवटी त्याच्या मित्राला मीच निरोप लिहिला. फवारणी झाली आहे, माल देता येणार नाही. त्याने हात जोडल्याचे चिन्ह पाठवले.

वाटले होते, खरे लिहिल्यावर हलके वाटेल. रत्नप्रभाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरं केलंत. आता त्या लोकांच्या पाच गुंठ्यांचं काय?"

२ नोव्हेंबर, रविवार

धावजीला हरभरा पेरायचा आहे, ओल जात चालली आहे. म्हणून आज सगळे लीक उपटले. गुरांना घालता येत नाहीत, कांद्याच्या जातीचे गुरांना सोसत नाही. बांधाजवळ खड्डा केला. रुपीबाई ओंजळीत पाच-सहा दांडे धरून उभी होती, पांढरे स्वच्छ. "हे खाता येत नाई का साहेब? एवढं गड्ड्यात टाकाचं?" मी म्हणालो, त्या औषधाला अजून दिवस जावे लागतात, खाऊ नका. तिने ते खाली ठेवले, फेकले नाहीत. लीकची चव कशी असते ते तिला अजून माहीत नाही. मलाही नाही.

बादल आज दारात येऊन बसला होता. मी घराकडे गेलो तेव्हा त्याने विचारले, "किती निंगाले?"

"हजार-अकराशे असतील."

"तेराशे बावन होते," तो म्हणाला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज बादलला सांगितले.

धावजी आणि रुपीबाई हरभऱ्यात होती. मी ओट्यावर त्याच्या शेजारी बसलो, खुर्ची घेतली नाही. सभेचे, आभाच्या पाहुण्यांचे, कागदावरच्या सहीचे, खोक्यांचे, सगळे सांगितले. मधे थांबलो नाही. त्याने मान खाली घालून ऐकले.

"ठावं आहे साहेब," तो म्हणाला. "मी तं तिथंच होतो ना. सभा झाली का नाई, हे मले कोनी सांगाले पाह्यजे?"

"मी आलो असतो तर तू मास्क लावला असतास."

त्याने खरोखर विचार करून उत्तर दिले. "काय मालूम. मालक म्हने पटपट आटपा. मास्क घालून दम लागते. लावलाही असता, नसताही लावला." मग म्हणाला, "तुमी आता सांगून राह्यले, तं मी काय म्हनू? माफ केलं म्हनू?"

"काही म्हणू नको."

मग मी विचारले, पुढच्या वर्षी पुन्हा करू या का, आपण दोघेच, माझ्या घरामागच्या जागेत. तुला ते काम येते. तुझ्याइतके मला येत नाही.

"चांगलं होतं ते," बादल म्हणाला. "हात भरून राहे. रातच्याले झोप लागे." कपाळावरची टाक्यांची खूण त्याने बोटाने चाचपली. "पन आता पंपाचा आवाज नसला तरी येते साहेब. वाफ्यात गेलो का येते. दोनदा जाऊन पाह्यलं. नाई जमत."

मी उठलो. तेव्हा त्याने माझे मनगट धरले. आवाजाच्या दिशेने हात नेला आणि बरोबर धरले.

"साहेब, एक गोठ सांगू? रागवू नका. तुमी आता येत नका जाऊ." तो हळू बोलत होता, शेतात ऐकू जाऊ नये म्हणून. "तुमी आले का बा तुमच्यासाठी काई ना काई करते. तुमचं तोंड उतरलं का त्याले राहवत नाई. याडीची वाडी देल्ली, बहिनीच्या बायंतपनातून याडीले आनलं, पंप घेतला. तो आता म्हातारा झाला. आनखी काई करन तो."

मी बरे म्हणालो. त्याने हात सोडला.

शेताकडून धावजीने हाक दिली, साहेब, चहा घेऊन जा. मी हात हलवला आणि स्कूटर सुरू केली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलो नाही. दुपारी धावजीचा फोन आला. "साहेब, दोन रैवार झाले, आले नाई. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"हिनं छपरावरच्या वेलाच्या वालाच्या शेंगा तोडून ठेवल्या तुमच्यासाठी. कवळ्या आहे. मी घेऊन येऊ काय?"

"नको, धावजीभाऊ. बाजारात न्या त्या."

"बरं साहेब," तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. त्याच्याकडून वारा आणि कोणाच्या तरी बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. मग रत्नप्रभा जेवायला बोलवायला आली आणि माझ्या हातातला फोन पाहून दारातच उभी राहिली.